थोरल्या सड्यावरची सुनावणी

“अध्यक्षीय भाषणानंतर टाळ्या टाकल्यात ना?” सरंजामे साहेबांनी विचारलं.

“टाकल्यात, सर.”

“कशा?”

“उत्स्फूर्त.”

साहेबांनी जरा विचार केला. “उत्स्फूर्त नको. अतिशयोक्ती वाटते. ‘टाळ्यांच्या गजरात’ करा.”

मी केलं. ग्रामस्थांनी व्यवस्थापन आराखड्याचं एकमुखाने स्वागत केलं, एका ज्येष्ठ ग्रामस्थाने वन्यजीवांविषयी हृदयस्पर्शी विचार मांडले, आणि चहापानानंतर जनसुनावणी खेळीमेळीत संपन्न झाली. तीन पानी इतिवृत्त, चार प्रती. कार्बन नवा होता, त्यामुळे चौथी प्रतसुद्धा ठसठशीत आली होती.

सुनावणी अजून व्हायची होती, परवा.

ही अठ्ठ्याण्णव सालातली गोष्ट. मी काळदरा राष्ट्रीय उद्यानाच्या कार्यालयात लघुलेखक होतो. अकरा महिन्यांच्या करारावर लागलो होतो आणि त्या अकरा महिन्यांना तेव्हा पाचवं वर्ष चालू होतं. करार वाढवायचा की नाही हे सरंजामे साहेब ठरवत. म्हणून टाळ्या कशा हव्यात हेही तेच ठरवत.

माणूस वाईट नव्हता. उलट असा सचोटीचा अधिकारी मी पुढे पाहिला नाही. त्यांचा एकच दोष, त्यांना झाडं फार आवडायची. झाड नसलेली जमीन दिसली की त्यांना तिची दया यायची आणि तिच्यावर उपचार करावेसे वाटायचे. स्वतःच्या टकलाबद्दल मात्र ते समाधानी होते.

उद्यानाच्या अगदी माथ्यावर थोरला सडा होता. सडा म्हणजे कातळाचं सपाट पठार. वर चार बोटं माती, खाली अख्खा डोंगर. साहेबांनी त्याची पाहणी मे महिन्यात केली. मे महिन्यात सडा तव्यासारखा असतो. साहेबांचे डोळे पाणावले. आराखड्यात त्यांनी लिहिलं, ‘अतिचराईमुळे पूर्णतः उजाड झालेले क्षेत्र.’ उपाय लिहिला की सभोवार तारेचं कुंपण, गुरांना कायमची बंदी आणि आत वीस हजार रोपं. दिवाळीनंतर काम सुरू. सडा उद्यानाच्या बाहेरच्या पट्ट्यात होता, तिथे चराईला कायद्याने मनाई नव्हती. ती साहेबांच्या आराखड्यात होती.

सड्याच्या अंगाखाली माचीचा धनगरवाडा होता. बावीस घरं आणि त्यांच्या म्हशी. आराखड्यात या वाड्याचा उल्लेख ‘जैविक दबाव’ असा होता.

आराखडा मंजुरीला जाण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकावं असा नियम होता, आणि त्यासाठी आराखड्यात सातवं प्रकरणच होतं, ‘लोकसहभाग’. तेही मीच टाईप केलं होतं, टाळ्यांसकट. लोकसहभाग पूर्वी सोपा असे. कार्यालयाच्या दारावर नोटीस लावायची, तीस दिवस वाट पाहायची, कोणी येत नाही, म्हणजे कोणाची हरकत नाही. कार्यालय वाड्यापासून चौपन्न किलोमीटरवर होतं आणि नोटीस दाराच्या आतल्या बाजूला असे, पावसाने भिजू नये म्हणून. पण त्या वर्षी मुख्यालयातून परिपत्रक आलं, की सुनावणी वस्तीवर जाऊनच घ्यावी. साहेबांना राग आला नाही. त्यांनी फक्त मला विचारलं, “निगुडकर, तुम्हाला चढ चढवतो का?”

भाद्रपदात आम्ही चढलो. दीड तास. नकाशाची गुंडाळी साहेब स्वतः घेऊन चालत होते.

देवळापुढच्या फरसावर घोंगड्या अंथरलेल्या होत्या. वाडा सगळा जमला होता. पुढे जानू आखाडे बसले होते, सत्तरीचे, वाड्याची बैठक चालवणारे. त्यांच्या शेजारी ठकूबाई ढेबे. पस्तीस-चाळिशीची बाई, नवरा वारलेला, घरात दोन मुली आणि गोठ्यात अकरा म्हशी.

साहेब चाळीस मिनिटं बोलले. नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. धूप, पुनर्निर्माण, हरित आच्छादन, सगळं झालं. शेवटी म्हणाले, “आता ग्रामस्थांनी आपलं मत निःसंकोच मांडावं.”

कोणी बोललं नाही. मी इतिवृत्ताच्या तयार प्रतींवर हात ठेवला. आतापर्यंत सगळं त्यात लिहिल्याप्रमाणे चाललं होतं.

मग जानूबाबा खाकरले. “साहेब, तुमी पावनं. पर बैठक आमच्या देवापुढं हाय, तवा रीत आमची. चालंल का?”

“अवश्य, अवश्य,” साहेब म्हणाले. रीत म्हणजे हार-नारळ असावा, असा त्यांचा समज झाला. माझाही.

“आमच्यात समोरच्याला उलटं बोलायचं आसंल तर आदी त्येचं म्हननं आपल्या तोंडानं बोलावं लागतं. त्यो ‘भरलं’ म्हनला तरच आपल्याला बोलाय मिळतं. दुधाचं माप काठाला लागल्याबिगर कुनी पैसं देतं का? तसंच.”

“म्हणजे माझं म्हणणं तुम्ही सांगणार?” साहेबांना गंमत वाटली.

“व्हय. आन् आसं सांगायचं, जसं काय त्ये आपलंच हाय. ‘त्यो आसं म्हनतो’ आसं न्हाई चालत. ‘मी’ म्हनायचं.”

जानूबाबांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली.

“मी सरकारचा मानूस. मला झाडाची लई माया. उन्हाळ्यात म्या सडा बघितला, नुसता दगूड, माजं काळीज तुटलं. मला वाटलं, म्हशींनी खाल्ला ह्यो सडा. पावसानं माती व्हाऊन चाल्लीया, खालची धरनं गाळानं भरत्याती. म्हनून मी तार घालनार, म्हशी थांबिवनार, झाडं लावनार. आज वाड्याला तरास व्हईल ह्ये मला ठावं हाय. पर तुमच्या नातवाला ह्यो सडा हिरवागार बघाय मिळावा, ह्या भल्या मनानं मी ह्ये करतो. आन् ह्येच्यात माजा सवताचा काई फायदा न्हाई.”

त्यांनी डोळे उघडले. “भरलं का, साहेब?”

 चौतीस वर्षांच्या नोकरीत सरंजामे साहेबांचं म्हणणं कोणी इतकं नीट समजून घेतलं नसावं. त्यांनी लिहिलेल्या दोनशे दहा पानांतसुद्धा ते इतकं नीट आलं नव्हतं. टाईप मीच केली होती, म्हणून सांगतो.

“भरलं,” ते म्हणाले. 

“मग आता आमचं आइका. ठकूबाय, बोल.”

ठकूबाई उठली नाही. बसूनच बोलली, पदर सारखा करून.

“साहेब, सडा उन्हाळ्यात उघडाच आसतो. माज्या आज्ज्याच्या आज्ज्यानं बी उघडाच बघितला. त्यो मेलेला न्हाई, निजलेला हाय. पावसाळ्यात ऊठतो. म्हशी वर जात्यात, गवात खात्यात, म्हनून फुलाला जागा ऱ्हाती. म्हशीच्या खुराच्या खळग्यात पानी ऱ्हातं, त्येच्यात बारकी फुलं येत्यात, ती दुसरीकडं कुटं बी येत न्हाईत. म्हशी काडल्या तर गवात माजतं आन् फुलं गुदमारत्यात. झाड तर लागतच न्हाई. चार बोटं मातीत झाड कुटं पाय रोवनार? आन् सडा बंद झाला की माज्या आकरा म्हशी इकाव्या लागत्यात. म्हशी गेल्या की म्या इथं कशापाय ऱ्हाऊ? दोन पोरी घिऊन शेरात धुनीभांडी करीन. तुमी म्हन्ता सडा वाचिवतो. सडा आन् आमी, दोनी जानार.”

एवढंच. तीन मिनिटंसुद्धा नाही. मी लघुलिपीत अक्षर न् अक्षर घेतलं. सवयीने, दुसरं काही नाही.

“आता तुमी,” जानूबाबा म्हणाले.

साहेब हसत पुढे सरसावले. “सोपं आहे. स्थानिकांचे चराईविषयक हितसंबंध बाधित होत असल्याने...”

“न्हाई भरलं,” ठकूबाई म्हणाली.

“अहो, पुरतं ऐका तरी.”

“म्या ‘हितसंबंद’ म्हनलंच न्हाई. आन् तुमी ‘मी’ म्हना.”

एक म्हातारा पानाची पिंक टाकायला उठला आणि जाता जाता म्हणाला, “तळालाच छेद हाय मापाला.” घोंगड्यांवर हशा पिकला. साहेबही हसले, पण कान लाल झाले.

“बरं. मी... मी म्हशी पाळतो. म्हशींना चारा हवा. सडा बंद केला तर माझं नुकसान होतं, म्हणून माझा विरोध आहे.”

ठकूबाईने मान तिरकी केली. “आर्दं बी न्हाई. म्हशीचं भरलं, सड्याचं सांडलं. म्या सड्यासाटी बी बोलले की.”

“पण सड्याला म्हशी हव्यात हे मी कसं म्हणू? मला ते पटलेलंच नाही!”

“पटू नगा की,” जानूबाबा शांतपणे म्हणाले. “मला तरी तुमची तार कुटं पटली? पर म्या भरली न्हवं?”

 खरं म्हणजे तिथेच उठून साहेब चालू लागले असते, तर माझ्या तयार प्रती कामी आल्या असत्या आणि ही गोष्ट मी लिहीत नसतो. पण त्यांच्या आत एक हुशार विद्यार्थी होता. दोनदा नापास झाल्यावर तो जागा झाला. “दाखवा मला,” ते म्हणाले. “न पाहता मी बोलू शकत नाही.”

सगळा वाडा उठला. बायकांनी पोरं कडेवर घेतली. वीस मिनिटांच्या चढानंतर आम्ही सड्यावर पोचलो आणि साहेब जागच्या जागी थांबले.

मे महिन्यातला तवा कुठे दिसत नव्हता. नजर पोचेल तिथपर्यंत जांभळं, पिवळं आणि पांढरं पसरलं होतं, घोट्याएवढ्या उंचीचं, वाऱ्यावर थरथरणारं. साहेब उद्यानाचे संचालक होऊन तीन वर्षं झाली होती. भाद्रपदात ते दर वर्षी वार्षिक अहवाल लिहीत. त्यामुळे वर यायला जमलं नव्हतं.

ठकूबाई त्यांना सरळ सड्याच्या मधोमध घेऊन गेली. तिथे बिनतारी संदेशाचा जुना मनोरा होता, भोवती जाळीचं कुंपण. खुद्द आमच्याच खात्याने नऊ वर्षांपूर्वी घातलेलं, गुरं आत शिरू नयेत म्हणून. जाळीच्या आत कमरेएवढं गवत माजलं होतं. दाट, राठ, पिवळट. त्यात एकही फूल नव्हतं. कोपऱ्यात कोणीतरी हौसेने लावलेली सहा रोपं होती. म्हणजे सहा काटक्या होत्या. जाळीच्या बाहेर, अगदी जाळीला चिकटून, फुलांचा गालिचा सुरू होत होता.

साहेब गुडघ्यांवर बसले. एका खुराच्या खळग्यात ओंजळभर पाणी होतं आणि त्यात तांदळाच्या दाण्याएवढी निळी फुलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक पाण्याला लागेपर्यंत वाकले. मग उठून जाळीपाशी गेले, आत हात घालून माती चाचपली. परत खळग्यापाशी आले. असं चार वेळा झालं. वाडा बघत उभा होता. घाई कोणालाच नव्हती.

शेवटी ते उभे राहिले. पँटच्या गुडघ्यांना चिखल लागला होता. ठकूबाईकडे वळून, हळू, एकेक शब्द तपासत ते बोलू लागले आणि माझी पेन्सिल आपोआप चालू लागली.

“हा सडा उजाड नाही. मी तो चुकीच्या महिन्यात पाहिला. म्हशी चरतात म्हणून गवत खाली राहतं आणि फुलांना ऊन मिळतं. म्हशी काढल्या तर नऊ वर्षांत काय होतं ते या जाळीच्या आत दिसतं. इथे झाड जगत नाही, आणि जगायलाही नको. इथे तार घालू नये. तार घातली तर आधी फुलं जातील, मग म्हशी जातील, मग... मग मी माझ्या दोन मुलींना घेऊन शहरात धुणीभांडी करीन.”

शेवटचं वाक्य राजपत्रित अधिकारी श्री. सरंजामे यांनी दोन्ही मुलींसकट म्हटलं. कोणी हसलं नाही.

“भरलं,” ठकूबाई म्हणाली. “काटोकाट भरलं.”

“आता बोला,” जानूबाबा म्हणाले. “आता तुमची पाळी. आमचं खोडून काडा.”

साहेबांनी तोंड उघडलं. मिटलं. जाळीकडे पाहिलं. वाडा खाली बसला आणि वाट पाहू लागला. मी घड्याळ पाहत होतो, पाऊण तास गेला. मग साहेब म्हणाले, “निगुडकर, चला. उतरताना अंधार व्हायला नको.”



दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर दोन गोष्टी होत्या. एका बाजूला टाळ्यांच्या गजरातलं इतिवृत्त, दुसऱ्या बाजूला लघुलिपीची वही. मला फार शूर असल्याची आठवण नाही. पाच वर्षं मी न घडलेल्या गोष्टी टाईप करत आलो होतो. घडलेली गोष्ट टाईप करून पाहावी, असं कुतूहल वाटलं. वहीत होतं तसं उतरवलं. जानूबाबा काय म्हणाले, ठकूबाई काय म्हणाली, आणि शेवटी: ‘मा. संचालक म्हणाले, हा सडा उजाड नाही. इथे तार घालू नये.’

साहेबांनी वाचलं. मग दार लावून घ्यायला सांगितलं.

“हे मी म्हणालो?”

“हो, सर.”

“ते त्यांचं म्हणणं होतं. मी फक्त म्हणून दाखवलं.”

“तसं लिहू का? ‘मा. संचालकांनी ग्रामस्थांचं म्हणणं म्हणून दाखवलं.’ पण मग त्यापुढे आपलं उत्तर लिहावं लागेल, सर. काय लिहू?”

“मी उत्तर दिलं नव्हतं.”

“नाही, सर. तेही लिहिलंय. पान चार. ‘पाऊण तास शांतता.’”

त्यांनी पान चार पाहिलं. “तुमचा करार कधी संपतो?”

“नोव्हेंबरात, सर.”

“हं,” ते म्हणाले, आणि कागद घरी घेऊन गेले.

ती माझी पाच वर्षांतली सगळ्यात लांब संध्याकाळ. बायकोला मी सांगितलं की कदाचित आपण गावी जाऊ, हवा चांगली असते. तिने विचारलं, काय करून ठेवलंत? मी म्हणालो, टायपिंग.

सकाळी कागद टेबलावर होते. चारही पानांवर सही. खाडाखोड एकच होती. ‘पाऊण तास शांतता’ मध्ये ‘पाऊण तास’ खोडून त्यांनी ‘पन्नास मिनिटे’ केलं होतं. त्यांच्याकडेही घड्याळ होतं.

मंजुरीची बैठक कार्तिकात, मुख्यालयात झाली. लांबलचक टेबल, अकरा अधिकारी, आणि भिंतीलगत फायली धरून मी. अध्यक्षस्थानी बसलेले मोठे साहेब कागद वाचूनच येत, अशी त्यांची दहशत होती.

“सरंजामे, काहीतरी घोटाळा दिसतोय,” ते म्हणाले. “तुमच्या आराखड्यात सड्याला कुंपण आहे. आणि सोबतच्या इतिवृत्तात तुम्हीच म्हणताय, तार घालू नये. यातलं टंकलेखनात चुकलंय ते कुठलं?”

अकराही जणांनी माझ्याकडे पाहिलं. मला फायली एकदम जड वाटल्या.

सरंजामे साहेब उभे राहिले. “टंकलेखन बरोबर आहे, सर. इतिवृत्तही बरोबर आहे. आराखडा चुकलाय.”

“पण हे तुम्ही खरोखर म्हणालात?”

“हो, सर. तीनदा म्हणावं लागलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं.”

मग त्यांनी रीत सांगितली. माप, काठ, सगळं. टेबलाच्या टोकाला कोणीतरी खुसखुसलं. मोठे साहेब मात्र हसले नाहीत.

“प्रत्येक सुनावणी अशी घ्यायची म्हटली तर एकेका बैठकीला तीन महिने लागतील, सरंजामे.”

“लागतील, सर. पण ती एकदाच घ्यावी लागेल.”

“आणि कुंपण हवंच, असं मी म्हटलं तर?”

“तर आधी माझं भरा, सर,” सरंजामे साहेब म्हणाले. “मग बोला.”

 चौतीस वर्षं ‘यथोचित’ आणि ‘आदेशानुसार’ लिहिलेला माणूस टेबलावर दोन्ही मुठी टेकून उभा होता. मोठ्या साहेबांनी चष्मा काढला. बराच वेळ काच पुसली. मग त्यांनी खरोखरच सुरुवात केली, “मी... हा सडा...” आणि दोन वाक्यांनंतर थांबून टेबलावरचा आराखडा ओढला. पान एकशे अठरा काढलं आणि लाल शाईने कुंपणावर एक आडवी रेघ मारली. मग रोपांवर एक. ‘जैविक दबाव’ हे शब्दही खोडले आणि समासात स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘माचीचा धनगरवाडा, सड्याचे राखणदार. पुढील प्रत्येक बदल यांच्याशी बोलूनच.’

“सातवं प्रकरण पुन्हा लिहा,” ते म्हणाले. “हे कोणी लिहिलंय? यात टाळ्या फार आहेत.”

“मी पाहतो, सर,” सरंजामे साहेब म्हणाले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

चार दिवसांनी आम्ही मंजुरीची प्रत घेऊन माचीला निघालो. टपालाने पाठवता आली असती. साहेब म्हणाले, टपाल उशिरा पोचतं. जीप जाते तिथपर्यंतच्या शेवटच्या वळणावर समोरून घंटांचा आवाज आला. वाड्याला बातमी आमच्या आधीच कळली होती. कशी, ते मला आजही ठाऊक नाही. रस्ताभर म्हशी होत्या, बावीस घरांच्या झाडून सगळ्या, ओढ्यावरून पाणी पिऊन सड्याकडे निघालेल्या. शिंगांना हिंगूळ लावलेला, गळ्यात झेंडूच्या माळा. जानूबाबा ढोल वाजवत होते. सर्वांच्या पुढे ठकूबाई, डोक्याला पटका बांधलेली. दोन्ही मुली एकाच म्हशीवर बसलेल्या.

ड्रायव्हरने सवयीने हॉर्नवर हात नेला.

“वाजवू नकोस,” साहेब म्हणाले. त्यांनी दार उघडलं, खाली उतरले, आणि रस्त्याच्या कडेला गवतात पाय ठेवून उभे राहिले. ठकूबाई समोरून जाताना थांबली नाही. तिने नुसता हात वर केला. साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली.

म्हशी किती होत्या ते मी मोजलं नाही. आमची जीप तिथे एक तास दहा मिनिटं उभी होती.